चौथे वर्ष आणि विद्यार्थ्यांचे मंडळ
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



गुणगौरवाच्या कार्यक्रमात पाहुण्याने चार कौतुकाचे शब्द बोलावेत आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. कौतुक तर मी करतोच. पण मघाशी मंडपाबाहेर एका पालकाने मला विचारले, "सर, पोरगी म्हणते समाजशास्त्रात ऑनर्स करते. तीन वर्षांत बी.ए. होतं, मग चौथं वर्ष कशाला?" हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. म्हणून आज त्यावरच बोलतो.

आपल्या खानदेशात 'ऑनर्स' हा शब्द नवा आहे. जळगाव-धुळ्याची महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्या काळात मुले 'समाजशास्त्र स्पेशल घेतले' असे म्हणत. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी, अशी रचना झाली आहे. पहिलीला किमान १२० क्रेडिट लागतात, दुसरीला किमान १६०.

आता त्या पालकांचा हिशेब करू. मुलीला एम.ए. करायचेच असेल तर जुन्या वाटेने तीन आणि दोन अशी पाच वर्षे होतात. ऑनर्सनंतर एम.ए. एका वर्षाचे, म्हणजे चार आणि एक, पुन्हा पाचच. वर्ष वाया जात नाही. मात्र ज्याला तीन वर्षांनी नोकरी धरून घर चालवायचे आहे, त्याच्यासाठी चौथे वर्ष म्हणजे एका वर्षाची कमाई बुडणे होय. त्याने तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडावे, त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट नीट ऐका. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणारा पीएच.डी.च्या प्रवेशालाही पात्र ठरतो. त्या अटीत अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना ५ टक्के सवलत देता येते. आपली मुले पहिले वर्ष नवे गाव, नवी भाषा समजून घेण्यात घालवतात आणि तिसऱ्या वर्षी जागी होतात. तेव्हा पहिल्या सत्राचे गुण बदलता येत नाहीत. ज्यांच्या घरी आधी कोणी कॉलेज पाहिलेले नाही, त्यांना हे सांगणार कोण?

इथेच विद्यार्थ्यांच्या मंडळाचे काम सुरू होते. अमेरिकेत समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांची अल्फा कप्पा डेल्टा नावाची सन्मान-संस्था १९२० साली निघाली. तिथे गुण पाहून सभासद करतात. आपल्याला उलटे मंडळ हवे. ज्याला गुण कमी आहेत त्याने आधी यावे. पुढे गेलेल्याने मागच्याला हात द्यावा.

अशा बैठकीतून काय घडू शकते? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे आपले बाबासाहेब. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर या नावाजलेल्या विद्वानांची मते त्यांनी एकेक करून तपासली. जातीबाहेर लग्न न करण्याची प्रथा हेच जातीचे मूळ लक्षण, असे आपले मत त्यांनी कारणे देऊन मांडले. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आपण त्या निबंधाला वंदन करतो. पण तो आधी काही श्रोत्यांपुढे वाचलेला विद्यार्थ्याचा निबंध होता, हे विसरतो.

म्हणून आपल्या महाविद्यालयातले समाजशास्त्र मंडळ उद्घाटन आणि हारतुऱ्यांपुरते ठेवू नका. आठवड्यातून एकदा बसा. एकाने पंधरा मिनिटे वाचावे, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत, एकाने वहीत टिपून ठेवावे. बैठक गावाकडच्या शेवटच्या एसटीच्या आधी संपवा. नाहीतर खेड्यातल्या मुली येणार नाहीत आणि मंडळ शहरातल्या मुलांचेच होऊन बसेल.

विषय दूर शोधायला नकोत. रावेर-यावलच्या केळीबागांत घड वाहणाऱ्या मजुरांचा दिवस लिहा. धुळ्यातल्या यंत्रमाग कामगारांच्या घरी जा. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले होते, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या भेटीबद्दल घरोघरी आजी-आजोबांकडून काय ऐकले जाते, ते टिपून घ्या. ऐकीव कोणते आणि कागदावर आहे ते कोणते, हे वेगळे ठेवा. समाजशास्त्राचा पहिला धडा तोच आहे.

आणि अहिराणीची लाज बाळगू नका. वर्गात प्रमाण मराठी बोलता येत नाही म्हणून आपली कितीतरी मुले मागच्या बाकावर गप्प बसतात. पण शेतमजूर बाई प्रमाण मराठीत आपले दुःख सांगत नाही. तिची मुलाखत घ्यायची तर जो मागच्या बाकावर आहे, तोच पुढे लागतो.

शेवटी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना विनंती. आज तुम्ही बक्षिसे दिलीत, चांगले केले. पुढच्या वर्षी त्याबरोबर एक खोली संध्याकाळी उघडी ठेवा. भारत सरकार शिष्यवृत्तीचा आणि स्वाधार योजनेचा अर्ज भरून देणारा एक मोठा विद्यार्थी तिथे बसवा. जूनमध्येच नव्या मुलांना ७५ टक्क्यांची अट समजावून सांगा.

त्या पालकांना माझे उत्तर असे: पोरीला शिकायची इच्छा असेल आणि घर एक वर्ष धीर धरू शकत असेल, तर करू द्या. घर धरू शकत नसेल, तर तो प्रश्न एकट्या घराचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.