चौथा प्रश्न

(माजी सैनिकांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)

शेळगावचा एक निवृत्त हवालदार क्लार्क बोलतोय. पलटणीत माझ्या हातात रायफलपेक्षा कागद जास्त राहिले, म्हणून आज बोलणार आहे तेही कागदाबद्दलच. आपल्या इंदापूर-बारामती भागात फौजी नाही असं गाव शोधावं लागेल. पेन्शनीच्या गप्पा पारावर रोज होतात. पण फौजेतून मनाचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाच्या पेन्शनीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

फौज सोडण्याआधी जवानाची शेवटची वैद्यकीय तपासणी होते. मुदत पुरी करून येणाऱ्याचं रिलीज मेडिकल बोर्ड, आजारामुळे मध्येच घरी पाठवतात त्याचं इनव्हॅलिडिंग बोर्ड. आमच्या वेळी दोन्हींना फॉर्म एकच होता, ए. एफ. एम. एस. एफ. सोळा. त्याचा पहिला भाग जवानानं स्वतःच्या तोंडानं सांगून भरायचा. आधी कुठं कुठं नोकरी केली ते लिहायचं आणि प्रत्येक ठिकाणापुढं पी किंवा एफ टाकायचं, म्हणजे पीस की फील्ड. मग आजार कोणता, कुठल्या तारखेला, कुठल्या ठिकाणी सुरू झाला, कुठल्या हॉस्पिटलात दाखवलं. भरतीआधी असा त्रास होता का. आणि त्यानंतर चौथा प्रश्न. नोकरीतल्या कोणत्या प्रसंगांमुळं हा त्रास झाला किंवा वाढला असं तुम्हाला वाटतं, त्याची माहिती द्या.

मन बिघडून आलेल्या कितीतरी जवानांच्या फॉर्मात या प्रश्नापुढं मी एकच शब्द पाहिला. निल.

सुरुंगावर पाय गेला तर इंज्युरी रिपोर्ट होतो, कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, साक्षीदार सह्या करतात. गस्तीत पुढं चालणारा जोडीदार डोळ्यांदेखत गेला आणि त्यानंतर वर्षानुवर्षं झोप नाही, याचा रिपोर्ट आपणहून कुणी करत नाही. तो या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात आला तरच कागदावर येतो. आणि खरं तर फौज मनाला कमी लेखत नाही, निदान कागदावर तरी नाही. जवानाची मेडिकल कॅटेगरी ठरते ती शेप या पाच अक्षरांवर, आणि त्यातलं पहिलं अक्षर एस, म्हणजे मन. कान, हातपाय, बाकीचं शरीर, डोळे हे सगळं त्याच्यानंतर.

मग माणूस निल का लिहितो? एक तर त्याला घर दिसत असतं. काही लिहिलं तर पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा तारखा, सुटका लांबणार. दुसरं, इकडं आल्यावर बँकेत गार्डची नाहीतर एमआयडीसीत सिक्युरिटीची नोकरी धरायची असते, पोलीस भरतीत माजी सैनिकांच्या जागा असतात. तिथं हा कागद आडवा येईल अशी भीती. आणि तिसरं कारण गावाचं आहे. धाकट्या भावाचं लग्न ठरायचं असतं. थोरल्याच्या डोक्यावर परिणाम झालाय एवढं एक वाक्य अंथुर्ण्याहून निमगाव केतकीपर्यंत पोचायला मोबाईलसुद्धा लागत नाही.

घरच्यांनाही पुष्कळदा उमगत नाही. आपल्याकडं शेतीला रात्रीची लाईट असते. उसाला पाणी द्यायला रात्री बारा वाजता कोण जाणार, तर फौजेतून आलेला मुलगा. आई चारचौघींत कौतुक सांगते, माझं पोरगं किती कष्टाळू, फौजेत राहिल्यानं अंगाला वळण लागलंय. पोरगं झोपतच नसतं, म्हणून मोटार चालू करायला जातं. वरातीत सुतळी बॉम्ब लागला की हा मांडवातून उठून वस्तीवर निघून जातो आणि पाहुणे म्हणतात, फौजी माणूस, गर्दी आवडत नाही. बायकोला मात्र माहीत असतं. मध्यरात्री अंगावर हात पडला तर तो कसा दचकून उठतो, हे तिनं पाहिलेलं असतं, आणि ती माहेरीही सांगत नाही.

मनावरच्या जबर आघातानंतरच्या या दुखण्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरानं लॅन्सेट या नियतकालिकात अशाच दुखण्याबद्दल शेल शॉक या नावानं लिहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीला मेसोपोटेमियात कूतचा वेढा पडला. आत मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि वाचलेले कैदेत गेले. या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, असे संगमरवरी फलक महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत अजून आहेत. परत आलेल्यांची झोप कशी होती, हे त्या फलकांवर लिहायची पद्धत नव्हती. पीटीएसडी हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात यायला १९८० उजाडलं. आपल्या बोर्डाच्या कागदावर बहुतेकदा दुसरीच नावं दिसतात, डिप्रेशन, ॲडजस्टमेंट डिसऑर्डर, स्ट्रेस रिॲक्शन. नाव कुठलंही असो, पेन्शन त्यावर अडत नाही. ती अडते पुढच्या रकान्यावर, म्हणजे हा आजार फौजी नोकरीमुळं झाला का, किंवा वाढला का. दोन्हींना नाही असा शेरा पडला की फाईल बंद. कचेरीत त्या शेऱ्याला नाना म्हणायचे, इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून. या नानानं किती घरांचं नुकसान केलंय, काय सांगू.

आता नियम काय म्हणतात तेही ऐका. बोर्डावरच्या डॉक्टरांसाठी सरकारनं मार्गदर्शिका काढलेली आहे. २०२३ पर्यंत लागू असलेल्या २००८ च्या मार्गदर्शिकेत मानसिक आजार नोकरीमुळं झाला असं कधी मानायचं, ते स्पष्ट दिलं होतं. लढाईचा किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईचा भाग, अतिउंचीवरची नोकरी, अगदी एकटं पडलेलं ठाणं, माणसं दगावलेला गाडीचा अपघात, आणि भूकंपासारख्या आपत्तीत प्रेतांच्या सान्निध्यात केलेलं काम. हे शेवटचं वाचलं की मला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथं ढिगारे उपसायला जवान होते. ते आपल्या दृष्टीनं मदतकार्य. ज्यानं आठवडाभर प्रेतं उचलली, त्याच्या आयुष्यात ते तिथंच संपलं असेल असं नाही.

म्हणून चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं. टेन्शन येतं, असं लिहून काही होत नाही. कुपवाड्यात होतो, अमुक महिना, अमुक साल, रात्रीच्या गस्तीत स्फोट झाला, पुढचा जोडीदार जागीच गेला, त्याला उचलून मी खाली आणलं. तेव्हापासून झोप नाही, आवाजानं दचकतो, पुढच्या वर्षी अमुक मिलिटरी हॉस्पिटलात दाखवलं, अशा गोळ्या चालू होत्या. एवढं पुरे. यात एक अक्षरही खोटं घालायचं नाही. न घडलेल्या चकमकी लिहिणारे महाभागही असतात, आणि त्यांच्यामुळं खऱ्या माणसाकडं संशयानं पाहिलं जातं.

दारूचं वेगळं सांगतो, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथं बुडतात. झोप येत नाही म्हणून माणूस कॅन्टीनची रम घ्यायला लागतो. आधी दोन पेग, मग अर्धी बाटली. शेवटी हॉस्पिटलात जातो तेव्हा कागदावर अल्कोहोल डिपेन्डन्स एवढंच लागतं, आणि दारूचं व्यसन हा नोकरीमुळं झालेला आजार बोर्ड सहसा धरत नाही. दारूच्या आधी काय झालं होतं, हे डॉक्टरला सांगणारा तो एकटाच असतो. मानसोपचाराच्या पेशंटबद्दल कमांडिंग ऑफिसरचा वेगळा अहवाल जातो, ए. एफ. एम. एस. एफ. दहा. कंपनी कमांडरला, सुभेदारसाहेबांना जे माहीत असतं तेच त्यात उतरतं. तेव्हा नोकरीत असलेल्या जवानांनो, आपल्या साहेबाशी वेळेत बोला.

आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. सुट्टीवर आलेला मुलगा परत जायचं नाव काढत नाही, खोलीत बसून राहतो, बॅग भरायला घेतली की थरथरतो. आईबापाला वाटतं, राहू दे आणखी चार दिवस. चाराचे चाळीस होतात. सुट्टी संपून तीस दिवस गैरहजर राहिला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि माणूस भगोडा ठरतो. मग आजार बाजूला राहतो, शिस्तभंग पुढं येतो आणि बडतर्फी झाली तर पेन्शनीची वाटच बंद होते. माउली, त्याला घरात लपवू नका. इथून पुण्याला तीन तासांची वाट आहे. कमांड हॉस्पिटल आहे, खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल आहे. सुट्टीतल्या जवानाला तिथं नेता येतं. जायला जमत नसेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून त्याच्या युनिटला त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पत्र टाका आणि पावती जपून ठेवा.

चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी सांगतोच, कोर्टात जा, धरमवीर सिंगचा निकाल दाखव, मिळून जाईल. निकाल खरा आहे. सिग्नल कोअरच्या या जवानाला फिट्सच्या आजारामुळं घरी पाठवलं, पेन्शन नाकारली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि शंकेचा फायदा जवानाला द्यायचा. पण टपरीवाले २०१९ चा नरसिंग यादव यांचा निकाल सांगत नाहीत. त्यात हेच न्यायालय म्हणालं की मनाचा आजार भरतीच्या तपासणीत सापडतोच असं नाही, त्यामुळं तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावरून तो नोकरीनंच झाला असं मानता येणार नाही. पुढं २०२५ मध्ये राजुमोन यांच्या प्रकरणात न्यायालयानं बोर्डालाही बजावलं की नुसता शेरा चालणार नाही, कारणं द्यावी लागतील. थोडक्यात, निकाल इकडचेही आहेत, तिकडचेही. कोर्ट शेवटी तुमचा कागदच उघडून बघतं.

हा कागद वेळेत कसा होतो ते बघा. अमेरिकेत नोकरी संपायच्या आधीच, १८० ते ९० दिवस उरलेले असताना, अपंगत्वाचा अर्ज करता येतो. म्हणजे माणूस युनिटमध्ये असतो, साक्षीदार जवळ असतात, हॉस्पिटलची फाईल हाताशी असते. आपल्याकडं बहुतेकांची धावपळ घरी आल्यावर सुरू होते. हे चुकीचं आहे, असं माझं स्वच्छ मत आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. आजार नोकरीशी जोडलेला आणि अपंगत्व निदान २० टक्के, या दोन्ही अटी लागतात. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा हिशेब आहे, खालच्यांना त्या प्रमाणात. टक्केवारीची ही पद्धत कायम ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळानं मे २०१७ मध्ये घेतला. पगार ४०,००० धरला तर ५० टक्के अपंगत्वाला महिन्याला ६,००० रुपये होतात, वर महागाई भत्ता. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत, नावं आणि अटी बदलल्यात. त्यानंतर सुटलेल्यांनी जुन्या जोडीदाराच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी आलेल्यांनीही आपलं काही नाही असं समजू नये. १ जानेवारी २००६ पासून सुटलेल्यांना त्यातही हक्क आहे.

नकाराचं पत्र आलं तर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्याला मुंबईचं खंडपीठ आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, अपंग व्यक्तीला तिथं फुकट वकील मिळतो. फार वर्षं गेली म्हणून दार बंद होतंच असं नाही, पण थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. आणि ज्यांना कसलीच पेन्शन नाही, त्यांचे सर्व्हिसचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट केले जातात. म्हणजे नव्वदीच्या दशकात किंवा त्यानंतर लगेच काही न घेता घरी आलेल्यांचे कागद एक तर गेले आहेत किंवा जायच्या बेतात आहेत.

तेव्हा माझी विनंती एवढीच. आज घरी ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुकाबरोबर मेडिकल बोर्डाची प्रत आहे का बघा. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला लेखी मागा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. वाचता येत नसेल तर नातवाला, शाळेतल्या गुरुजींना वाचायला सांगा, नाहीतर माझ्याकडं घेऊन या. आणि झोप नाही, जीव नकोसा वाटतो असं असेल तर त्यासाठी कुठल्याही कागदाची वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या ए. एफ. एम. सी. या फौजी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू आहे. नंबर पुन्हा सांगतो, लिहून घ्या. एक, चार, चार, एक, सहा.