सांगाड्यातील बळांचा हिशेब

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी 19व्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाळच्या नावे छत्र उभारले. रामेश्वरास निघालेला यात्रेकरू तेथे विसावा घेई. पुढे पांबनची खाडी मात्र त्यास नावेतूनच ओलांडावी लागे. 1914 साली त्या खाडीवर रेल्वेपूल झाला. जहाजांसाठी उघडणारा त्याचा गाळा पोलादी त्रिकोणांच्या सांगाड्याचा होता. अशा सांगाड्यावर भार आला की त्याच्या प्रत्येक दांड्यात किती बळ निर्माण होते, हे आधीच कसे कळावे?

जी वस्तू स्थिर आहे तिच्यावरील सर्व बळे परस्परांना तोलून धरतात, एवढे एकच तत्त्व त्यासाठी पुरते. छपराची साधी कैची घेऊ. दोन तिरके वासे शिखराशी जोडलेले आहेत आणि पायथ्याशी त्यांना एक आडवा दांडा बांधतो. शिखरावर 100 किलोग्रॅम भार ठेवला, तर दोन्ही भिंती प्रत्येकी 50 किलोग्रॅम तोलतात. आता केवळ डाव्या पायथ्याचा सांधा पाहावा. भिंत त्यास 50 च्या बळाने वर रेटते. त्यास खाली रेटणारा केवळ तिरका वासाच आहे. तो 30 अंशांनी कललेला असेल, तर त्याच्या बळाचा निम्माच अंश उभ्या दिशेने कामी येतो. म्हणजे वाशात 100 चा दाब असलाच पाहिजे. तोच वासा सांध्यास सुमारे 87 च्या बळाने बाहेर लोटतो, आणि आडवा दांडा तेवढ्याच ताणाने त्यास आवरून धरतो. ज्या सांध्यावर दोनांहून अधिक अज्ञात बळे नाहीत तो आधी सोडवावा व मग पुढच्याकडे वळावे. या क्रमाने मोठ्या पुलाचाही हिशेब पुरा होतो.

परंतु जो भार गृहीत धरला असेल त्याचेच उत्तर हे गणित देते. कॅनडातील क्वेबेक पुलाचा मधला गाळा 1600 फुटांवरून 1800 फूट करण्यात आला. पुलाच्या स्वतःच्या वजनाचा आकडा मात्र वेळीच सुधारला गेला नाही. दाब सोसणारे खालचे दांडे वाकू लागल्याचे दिसूनही काम चालूच राहिले. 29 ऑगस्ट 1907 रोजी पूल कोसळला आणि 75 कामगार प्राणास मुकले. समतोलाचे नियम चुकले नव्हते. त्यांत घातलेला भार कमी होता आणि दाब सोसणाऱ्या दांड्यांची जोडणी दुबळी होती.

पांबन येथे 2025 साली खुल्या झालेल्या नव्या पुलावरून आज यात्रेकरू निश्चिंतपणे जातो, तो असा हिशेब खऱ्या भारानिशी झाला आहे या विश्वासावर.