कोयता पुरा करायला लग्न?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



दसरा तोंडावर आलाय. मुकादमाच्या फेऱ्या सुरू झाल्यात, उचलीचे आकडे ठरतायत. आणि याच दिवसांत गावात दुसरी बोलणी पण चालू होतात, लग्नाची. ही दोन बोलणी वेगळी नाहीत. आज त्यावरच बोलायचंय.

शहरात लोक विचारतात, कमावती मुलगी लग्न उशिरा करते का? आपल्या नेकनूरच्या पट्ट्यात प्रश्न उलटा आहे. आपल्याकडं पोरीला काम मिळतं तेच लग्न झाल्यावर. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता, उचलही निम्मी. मग पोराच्या घरचे हिशोब करतात, याचं लग्न उरकलं की कोयता पुरा होतो. पोरीच्या घरचे म्हणतात, आम्ही पाच-सहा महिने कारखान्यावर, वयात आलेली लेक म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर कशी ठेवायची? सोबत न्यावी तर कोपीला दार नाही. दोन्ही घरांची अडचण एका लग्नानं सुटते. शाळा सुटते ती पोरीची. कधी कधी तर लग्न कारखान्याच्या तळावरच लागतं आणि दुसऱ्या दिवशी नवरी फडात.

२०१९ ते २१ मध्ये सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. २० ते २४ वयाच्या ज्या बाया आहेत, त्यांतल्या किती जणींचं लग्न १८ च्या आत झालं ते त्यात मोजलं. महाराष्ट्रात १०० मध्ये साधारण २२. आपल्या बीड जिल्ह्यात साधारण ४४. दुप्पट!

आता पैशाचं बघा. बचत गटात आपण पै-पैचा हिशोब ठेवतो, तसा इथंही करू. समजा जोडीनं १ लाख उचल घेतली. त्यातली बरीचशी लग्नाच्या मंडपात, भांड्यांत, मानपानात गेली. तोडीचा दर टनाला ३५० रुपये धरला, दिवसाला २ टन ऊस तोडला, तर १ लाख फिटायला १४३ दिवस लागतात. एक खाडा नाही, आजारपण नाही, असं धरून. म्हणजे पोरगी पहिला अख्खा हंगाम स्वतःच्याच लग्नाचं कर्ज फेडते. पहाटे उठून भाकरी तीच करणार, मोळ्या तीच बांधणार, गाडी भरायला डोक्यावर तीच नेणार. पण उचल घेताना मुकादमाच्या वहीत नाव कुणाचं? नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं.

दुसऱ्या देशातली एक गोष्ट सांगते, कारण तिथं नेमकं याच्या उलट झालं. बांगलादेशात कपडे शिवायचे मोठे कारखाने निघाले. ते कारखाने ज्या गावांना जवळ होते, तिथल्या मुलींची लग्नं लांबली आणि शाळेतली वर्षं वाढली, असं २०१५ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं. त्या मुली फार सुखात आहेत असं मी म्हणत नाही, तिथंही राबावंच लागतं. पण तिथं कामाला नवरा लागत नाही. थोडं लिहिता-वाचता, हिशोब करता आला तर एकट्या पोरीला काम मिळतं आणि पगार तिच्या नावानं निघतो. म्हणून नुसतं “मुलीला काम द्या” म्हणून भागत नाही. आपल्या लेकी काम करतातच की! ते काम जोडीचं आहे का तिचं स्वतःचं, यावर सगळं आहे.

विधवा आणि टाकलेल्या बायांना विचारा. हात तेवढेच चालतात, पण मुकादम एकटीला घ्यायला कां-कूं करतो. भाऊ, दीर, नाहीतर पोरगा, कुणाशी तरी जोडी लावल्याशिवाय कोयता होत नाही. आणि पैसे पुन्हा त्याच्याच हातात.

आता जरा आपल्याकडं बघू. काही जणींना हे आवडणार नाही, तरी बोलते. गटातून कर्ज मागताना कारण “मुलीचं लग्न” असं लिहिलेलं असतं, आणि आपण सह्या करून मोकळ्या होतो. यापुढं अशा अर्जाला शाळेचा दाखला जोडून घ्यावा आणि जन्मतारीख वाचावी. १८ पुरे नसतील तर गटाचा पैसा त्या लग्नाला नाही. अल्पवयीन मुलीचं लग्न लावून देणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड सांगितलाय. गावात ग्रामसेवकाला कळवता येतं, १०९८ वर फोन लावता येतो.

पण नुसतं अडवून चालणार नाही. लेक ठेवायची कुठं, हा आईचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची यादी गाड्या निघायच्या आधी शाळेत गेली पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहंही आहेत, तिथं मुलींची वेगळी सोय असते. ज्या माघारी गावात राहणार आहेत त्यांनी आपल्या गल्लीतल्या एक-दोन लेकींवर लक्ष ठेवायचं कबूल करावं. आणि दहावी-बारावी झालेल्या पोरीला शिलाई मशीन, शेळ्या किंवा एखाद्या कोर्सची फी यासाठी कर्ज मागायला कुणी आली, तर तो अर्ज आधी घ्यावा. खातं मात्र पोरीच्या नावाचं.

ग्रामसंघाच्या सचिव ताई दाराजवळ वही घेऊन बसल्यात. ज्या घरातली माणसं यंदा तोडीला जाणार आणि ज्यांची मुलगी सातवीच्या पुढं शिकतीय, त्यांनी जाताना मुलीचं नाव, शाळा आणि इयत्ता लिहून जावं.