पडद्यामागची हांक

तिसरी घंटा झाली कीं प्रेक्षागृहांतील दिवे मंदावतात, कुजबूज थांबते आणि पडदा वर जातो. प्रेक्षकाच्या दृष्टीनें नाटक तेथें सुरू होतें. पडद्यामागें मात्र त्याच्या कितीतरी आधीं धांदल उडालेली असते. कोणी चेहऱ्यास रंग लावीत असतो, कोणी नऊवारीच्या निऱ्या सारख्या करीत असते, कोणी तबला जुळवीत असतो. आणि हीं सर्व माणसें ज्या ज्या खोलींत असतील तेथें त्यांना एका माणसाची हांक वेळेवर पोंचावी लागते. तो माणूस म्हणजे रंगमंचाचा व्यवस्थापक. इंग्लंडमधील नाट्यगृहांत या हांकांची शिस्त मोठी पक्की आहे. खेळ सुरू होण्यापूर्वीं 35 मिनिटें पहिली हांक देतात. तिला म्हणतात ‘अर्धा तास’. 20 मिनिटें उरलीं कीं ‘पाव तास’, 10 उरलीं कीं ‘पांच मिनिटें’, आणि 5 मिनिटें उरतांच पहिल्या प्रवेशांतील पात्रांना रंगमंचाकडे बोलावणें जातें. हांकेचें नांव आणि घड्याळ यांत प्रत्येक वेळीं पांच मिनिटांचें अंतर दिसतें, तें चुकीनें पडलेलें नव्हे. हा हिशेब पडद्याचा नसून पात्रांना बोलावणें जाण्याच्या क्षणाचा आहे.

पूर्वीं तेथें या कामासाठीं एक पोरगा ठेवलेला असे. तो जिने चढून-उतरून दारोदार हांक देई. त्याचें काम आज माइक, मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि खोल्याखोल्यांतील लहान स्पीकर करतात. परंतु दार वाजविल्यावर आंतून ‘ओ’ आली कीं नाहीं, हें त्या पोराला तेथल्या तेथें कळे. यंत्राला तें कळत नाहीं. माइकमध्यें बोललेला शब्द कोणी ऐकला कीं तो रिकाम्या खोलींत विरून गेला, याचा यंत्राला पत्ता नसतो. म्हणूनच हीं यंत्रें निवडतांना जी काळजी घ्यावयाची ती घरच्या गाण्याच्या यंत्राच्या खरेदीहून अगदीं निराळी आहे.

नाट्यगृहाचे चालक दुकानांत गेले कीं पहिला प्रश्न बहुधा ‘किती वॅटचा?’ हा असतो. वस्तुतः तो शेवटचा प्रश्न असावयास हवा. आधीं ठरावयाचें तें हें कीं, कोणी बोलावयाचें, कोणी ऐकावयाचें, कोणीं मुळींच ऐकावयाचें नाहीं, आणि दोन आवाज एकाच वेळीं आले तर कोणाचा चालावयाचा.

रंगपटांत नेहमींच दोन आवाज येत असतात. रंगमंचाच्या पुढच्या बाजूस वर टांगलेला एक माइक चाललेलें नाटक टिपतो आणि तें रंगपटांतील स्पीकरवर ऐकूं येतें; त्यावरून आपला प्रवेश किती दूर आहे हें नटाला उमगतें. दुसरा आवाज व्यवस्थापकाच्या हांकेचा. हांक आली कीं नाटकाचा आवाज बाजूस सरलाच पाहिजे. नाहींतर रंगमंचावरील स्वगतांत व्यवस्थापकाचा शब्द बुडून जावयाचा. मिक्सर घेतांना ही प्राधान्याची सोय त्यांत आहे कीं नाहीं, हें सर्वांआधीं पाहावें. ती दोन तऱ्हेची असते. एका तऱ्हेंत माइकवर आवाज आला असें यंत्राला जाणवलें म्हणजे तें दुसरा आवाज दाबतें. दुसरींत माइकची कळ दाबतांच तो दबतो. सभागृहांतील समारंभास पहिली तऱ्हा पुरते. नाट्यगृहास ती पुरत नाहीं, कारण व्यवस्थापक पडद्याच्या आड, प्रेक्षकांपासून कांहीं हातांवर उभा असतो आणि जवळजवळ कुजबुजतच बोलतो. कुजबुज यंत्राला कधीं जाणवते, कधीं नाहीं; आणि जाणवेपर्यंत पहिलें अक्षर गेलेलें असतें. बहुतेक वेळां तें अक्षर ज्याला बोलवावयाचें त्याच्या नांवाचेंच असतें! तेव्हां कळ दाबून चालणारी रीतिच पत्करावी. शिवाय कळ सोडल्यावर नाटकाचा आवाज एकदम न उसळतां एक-दोन सेकंदांत हळूहळू परत यावा, इतकें जुळवून घेतां आलें म्हणजे झालें.

असा मिक्सर मोठा असण्याचें कारण नाहीं. चार ते सहा माइकांची सोय, त्यांपैकीं एकास सर्वांवर मात करण्याचा अधिकार, टांगलेला माइक कंडेन्सर जातीचा असल्यास त्याला लागणारा 48 व्होल्टचा पुरवठा, आणि आवाज वेगवेगळ्या विभागांकडे पाठविण्याची कळ, एवढें पुरे. पुष्कळ ठिकाणीं काटकसर म्हणून प्रेक्षागृहांतील बत्तीस बटणांच्या मोठ्या मिक्सरमधूनच रंगपटाची तार काढतात. ही काटकसर खोटी होय. तो मिक्सर ध्वनियोजकाचा असतो. दौऱ्यावरील प्रत्येक नाटकमंडळी त्याची मांडणी आपल्या सोयीनें बदलते. आजच्या संगणकी मिक्सरांत तर एक बटण दाबतांच साठविलेली जुनी मांडणी सबंध परत येते आणि रंगपटाकडे जाणारा रस्ता कोणाच्या ध्यानींमनीं नसतां बंद होतो. कांहीं मंडळी आपला मिक्सर बरोबर आणतात व खेळ संपतांच घेऊन जातात. हांकेची यंत्रणा वास्तूची असावी, पाहुण्यांची नव्हे.

खोलींत आवाज लहानमोठा करण्याची कळ द्यावी कीं देऊं नये, यावर चालकांत आणि नटांत नेहमींच तक्रार असते. नटाचें म्हणणें रास्त आहे: भूमिकेत शिरण्यासाठीं त्याला घटकाभर शांतता हवी. चालकाचेंही रास्त आहे: नटानें कळ शून्यावर नेली कीं त्याला बोलवावयाचें कसें? यावर उपाय असा कीं, भिंतीवरील कळेच्या पेटींत एक लहान रिले बसवितात. हांकेचें बटण दाबलें जातांच तो रिले कळेला वळसा घालून स्पीकर पूर्ण आवाजावर नेतो व हांक संपतांच पूर्वस्थितीवर येतो. मात्र यासाठीं प्रत्येक खोलीपर्यंत नेहमींच्या दोन तारांखेरीज आणखी एक-दोन तारा न्याव्या लागतात. त्या वास्तूचें काम चालू असतांना टाकल्या तर खर्च नांवाला येतो. मागाहून टाकावयाच्या तर भिंतींचा गिलावा फोडावा लागतो, आणि मग तें काम वर्षानुवर्षें ‘पुढच्या सुट्टींत’ होणार असतें.

आतां ॲम्प्लिफायर. घरांतील स्पीकर बहुधा 8 ओहमचे असतात. रंगपटाच्या बारा खोल्या व सहा ओसऱ्या धरून असे 18 स्पीकर एकमेकांस समांतर जोडले तर त्यांचा रोध अर्ध्या ओहमच्याही खालीं, 0.44 ओहमवर येतो. साधा ॲम्प्लिफायर 4 ओहमच्या खालीं उतरण्यास कांकूं करतो. या भारापुढें तो जळतो तरी किंवा स्वतःस बंद तरी करून घेतो. दुसरी अडचण तारेची. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार 100 मीटर दूर नेऊन परत आणली तर तिचा स्वतःचा रोध सुमारे 2.3 ओहम भरतो. पलीकडे एकच 8 ओहमचा स्पीकर असला तरी निघालेल्या शक्तीपैकीं 22 टक्के तारेंतच ऊष्णतेच्या रूपानें खर्च होते.

वीजकंपन्या लांबच्या गांवीं वीज पोंचवितांना जी युक्ति करतात तीच येथें चालते: दाब वाढवावा, प्रवाह कमी करावा. ॲम्प्लिफायरमधून 100 व्होल्टची वाहिनी निघते, आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीवरील लहान ट्रान्सफॉर्मर तिच्यांतून आपल्यापुरती शक्ति घेतो. 60 वॅटचा सबंध भार या वाहिनीवर सुमारे 167 ओहमचा दिसतो. म्हणून तो 100 मीटरच्या टोंकाशीं असला तरी तारेंतील नुकसान दीड टक्कादेखील होत नाहीं. ट्रान्सफॉर्मरला निरनिराळे फांटे असतात. लहान खोलीला दीड वॅटचा, ओसरीला 3 वॅटचा, करवत-हातोडे चालणाऱ्या कामशाळेला 6 वॅटचा फांटा लावावा. आतां वॅटचा प्रश्न त्रैराशिकाहूनही सोपा होतो. बारा खोल्यांचे 18, सहा ओसऱ्यांचे 18, कामशाळेचे 6, मिळून 42 वॅट. त्यांत चौथा हिस्सा राखीव म्हणून मिळविला कीं 52 च्या वर, म्हणजे बाजारांतील 60 वॅटचा ॲम्प्लिफायर पुरतो. ‘असूं द्या’ म्हणून 240 वॅटचा घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें कीं शक्ति दुप्पट केली तरी आवाज केवळ 3 डेसिबेलनें चढतो, आणि कानाला तो फरक जेमतेम कळतो. उलट मोकळ्या जागेंत स्पीकर दुप्पट जवळ आणला तर 6 डेसिबेल मिळतात. थोडे स्पीकर मोठ्यानें ओरडण्यापेक्षां पुष्कळ स्पीकर हळू बोलत असणें, केव्हांही बरें.

आपल्याकडील बाजारी ॲम्प्लिफायरच्या पाठीवर 4, 8, 16 ओहम आणि 70, 100 व्होल्ट अशा खुणांचे स्क्रू बहुधा शेजारींशेजारीं असतात. ट्रान्सफॉर्मर नसलेला स्पीकर 100 व्होल्टच्या स्क्रूला लागला कीं त्याचें आयुष्य तेथेंच संपलें. ट्रान्सफॉर्मरचें आणखी एक वैगुण्य असें कीं फार खालचा, घुमणारा स्वर त्याला सोसत नाहीं. तो तृप्त होऊन आवाज फाटतो व भार वाढतो. मनुष्याचें बोलणें समजण्यास त्या स्वरांची गरजही नाहीं. म्हणून सुमारे 100 हर्ट्झच्या खालचा भाग कापणारी कळ असेल असेंच यंत्र घ्यावें.

प्रेक्षकांच्या दालनाचा विभाग मात्र रंगपटापासून सर्वस्वीं वेगळा, शक्य तर वेगळ्या ॲम्प्लिफायरवर असावा. तेथें चहाच्या कपांचा आणि गप्पांचा गलबला असतो, म्हणून 6 वॅटचे दहा स्पीकर व त्यांना 120 वॅटचा ॲम्प्लिफायर हा हिशेब गैर नाहीं. ‘महाराणींचा मुकुट कोठें गेला?’ हा प्रश्न एकदां जरी त्या दालनांत घुमला, तरी दोन विभागांच्या खर्चाचें समर्थन करण्याची गरज कोणास उरत नाहीं. विंगेंत स्पीकर लावूंच नये. टांगलेला माइक त्याचा आवाज टिपतो, तो पुन्हां स्पीकरवर येतो, आणि शिटी सुरू होते. तेथील माणसांना कानावरचे संच द्यावे. आणि यंत्रें व्यवस्थापकाच्या कोपऱ्यांतच ठेवावयाचीं असतील तर त्यांतील पंख्याची घरघर दुकानांतच कान लावून ऐकावी.

या सगळ्यास आणखी एक बाजू आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहास 13 जून 1997 रोजीं आग लागून 59 माणसें दगावलीं. प्रेक्षकांना सावध करणारी घोषणा झालीच नाहीं, हें पुढें न्यायालयांत पुढें आलें. नाट्यगृहांत तर पडद्यामागें लाकूड, कापड आणि दिवे यांची गर्दी असते, आणि रंगपटांतील माणसाला प्रेक्षागृहांतील धांवपळ दिसत नाहीं. म्हणून हांकेच्या यंत्रणेवरून संकटाची सूचना देतां येईल अशी तजवीज करावीच. वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी तिला जोडावी, आणि अग्निसूचक यंत्रणेनें इशारा दिला कीं नाटकाचा आवाज आपोआप बंद व्हावा. परंतु एवढ्यानें ती अग्निसूचक यंत्रणा ठरत नाहीं. युरोपांत तसल्या ध्वनिसूचनेसाठीं ई. एन. 54 या नांवाचें स्वतंत्र मानक आहे. त्याप्रमाणें यंत्रणा आपल्या तारा तुटल्या कीं नाहीं हें स्वतः सतत तपासते. साध्या ॲम्प्लिफायरला तें जमत नाहीं. दुकानदार जमतें म्हणाला तर त्याच्याकडून प्रमाणपत्र मागावें.

यंत्रें बसविल्यावर ‘हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन’ म्हणून परीक्षा घेण्याचा प्रघात आहे. ‘हॅलो’ कोणत्याही यंत्रावर समजतें, कारण तें येणार हें ऐकणाऱ्याला आधींच ठाऊक असतें. त्यापेक्षां एका माणसास सर्वांत दूरच्या खोलींत बसवावें, दार लावून घ्यावें, नळ सोडावा, केस वाळविण्याचें यंत्र चालू ठेवावें आणि भिंतीवरील कळ शून्यावर न्यावी. व्यवस्थापकानें आपल्या कोपऱ्यांतून, नेहमींच्या दबक्या आवाजांत, वीस नांवें वाचावीं. त्यांत सुमन, सुमित, नमिता, अमिता अशीं फसवीं नांवें मुद्दाम घालावीं. खोलींतल्या माणसानें तीं ऐकतील तशीं लिहावीं. यादी जुळली नाहीं तर आधीं स्पीकरची जागा बदलून पाहावी, मग ट्रान्सफॉर्मरचा फांटा. ॲम्प्लिफायर बदलण्याची पाळी क्वचितच येते.