दिवे लागल्यावरही थांबा

जानेवारीतली पुण्याची थंड रात्र.
गळ्यात पास, अंगावर स्वेटर,
आणि थिएटरबाहेर लांबच लांब रांग.
पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव,
म्हणजेच आपला ‘पिफ’.

इथे स्वतंत्र चित्रपट भेटतात.
स्वतंत्र म्हणजे कसे?
मोठ्या स्टुडिओच्या पाठबळाशिवाय केलेले.
दिग्दर्शकाने मनापासून सांगितलेली गोष्ट.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आठवा.
२०१४ साली व्हेनिस महोत्सवाने तो गौरवला.
रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ घ्या.
२०२५ साली तो अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पुरस्कार जिंकून आला.
दोन्ही आपल्या मराठी मातीतले.

चित्रपट संपतो.
पडद्यावर नावं सरकू लागतात.
तेव्हा उठू नका. थांबा.
दिवे लागतात.
पुष्कळदा दिग्दर्शक स्वतः समोर येतो.
हातोहात माईक फिरतो.
कुणी विचारतं, ‘शेवट असा का?’
त्या गप्पांतून चित्रपट पुन्हा उलगडतो.

अशा चित्रपटांना मोठ्या जाहिराती परवडत नाहीत.
त्यांची जाहिरात म्हणजे तुम्ही आणि मी.
आवडला, तर चार जणांना सांगा.

म्हणून श्रोतेहो,
गावात महोत्सव आला, की एक रात्र राखून ठेवा.
चित्रपट पाहा.
आणि दिवे लागल्यावरही,
थोडं थांबा.