तुर्काना सरोवराकाठची आजारी बाई

आज आपल्याला लांब जायचंय, आफ्रिकेतल्या केनिया देशात. तिथं उत्तरेला तुर्काना नावाचं सरोवर आहे, सुमारे २५० किलोमीटर लांब. चहूकडं रखरखीत माळ, पाणी खारट, त्यात मगरी. लाखो वर्षांत हे पाणी कधी वाढलं, कधी आटलं. गाळाचे आणि ज्वालामुखीच्या राखेचे थर बसत गेले. त्यात दबलेली हाडं दगड झाली. राखेच्या थरांवरून त्यांचा काळ काढता येतो.

ही हाडं शोधायला नजर लागते. केनियाचे कामोया किमेउ त्यात वस्ताद. शाळा जेमतेम शिकलेले, पण हजार खड्यांतून हाडाचा तुकडा नेमका वेचायचे. (तांदूळ निवडणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.) १९७३ साली सरोवराच्या पूर्व काठाला, कूबी फोरा भागात, त्यांना एका बाईचा मोडकातोडका सांगाडा सापडला. सुमारे १७ लाख वर्षांपूर्वीचा. आपल्यासारखीच ताठ चालणारी, पण आपल्या आधीची मानवजात. तिला होमो इरेक्टस म्हणतात.

तिच्या हाडांवर जाड, खडबडीत पुट चढलं होतं. ॲलन वॉकर आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी अंदाज बांधला, की तिच्या अंगात अ जीवनसत्त्व बेसुमार झालं असावं. शिकारी जनावराच्या कलेजीत ते फार साठतं, आणि ती तिनं खाल्ली असावी. सगळ्यांना हे पटलेलं नाही. कुणी म्हणतं मधाच्या पोळ्यातल्या अळ्या खाल्ल्या, कुणी म्हणतं आजारच दुसरा. आणि हो, अंगणवाडीत लेकरांना अ जीवनसत्त्वाचा डोस देतात तो मोजून असतो. हे ऐकून तो चुकवू नका.

मला मात्र पुढची गोष्ट मोठी वाटते. असल्या दुखण्यात हाडावरचा पातळ पापुद्रा सुटतो, खाली रक्त साकळतं, हलताना जीव जातो. त्या साकळलेल्या रक्ताचं हाड व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे तेवढे दिवस ती जगली! उन्हाचा मुलूख, रात्री हिंडणारी जनावरं, आणि हिला उठून पाण्यापर्यंत जाता येत नाही. वॉकर यांचं म्हणणं असं, की कुणीतरी तिला पाणी दिलं, खायला आणलं, रात्री राखण केली.

ते कोण होतं? आई, बहीण, की जोडीदार? हाडं तेवढं सांगत नाहीत. तिची हाडं आता नैरोबीच्या संग्रहालयात आहेत, १८०८ या क्रमांकाने. नाव कुणी ठेवलेलं नाही.