इंदिराराजेंचा नकार



राजघराण्यातली प्रेमकथा म्हटली की आपण थेट शनिवारवाड्यावर जातो. आज मी तुम्हाला बडोद्याला नेणार आहे, 1911 सालात.

सयाजीराव गायकवाडांची एकुलती एक मुलगी, इंदिराराजे. वय एकोणीस. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी लग्न ठरलेलं. शिंदे पस्तिशीचे. पहिल्या राणीला मूल नाही, म्हणून हे दुसरं लग्न. मराठ्यांची दोन मोठी संस्थानं सोयरीक जोडणार होती. पुढचं आयुष्य ग्वाल्हेरच्या जनान्यात, पडद्याआड.

डिसेंबरात दिल्ली दरबार भरला. तिथे इंदिराराजे आणि कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांचं प्रेम जमलं. बडोद्याला एकवीस तोफांचा मान, कूचबिहारला तेरा. त्यातही जितेंद्र धाकटे, म्हणजे गादीही नाही. आई सुनीतीदेवी या ब्राह्मसमाजी केशवचंद्र सेनांच्या कन्या. जात, भाषा, चालीरीती, काहीच जुळत नव्हतं.

पण प्रेमात पडणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. नवल पुढे आहे. लग्नाची तयारी चालू असताना इंदिराराजेंनी स्वतः शिंद्यांना पत्र लिहून लग्न मोडलं. आईवडिलांना पत्ता लागला तो ग्वाल्हेरहून विचारणा करणारी तार आली तेव्हा! ज्या सोयरिकी दरबारं ठरवत, तिथे नवरीने आपल्या हाताने नकार कळवला. या कथेचा खरा नायक मला तो नकार वाटतो.

आता हे आईवडील कोण? सयाजीरावांनी 1906 साली बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याआधीच विधवाविवाहाचा आणि बालविवाहबंदीचा कायदा केला. आई चिमणाबाईंचं भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं ते याच 1911 सालात. आणि तरीही दोघांनी मुलीला विरोध केला. त्यांना दांभिक म्हणणं सोपं आहे. पण त्याच दरबारात बादशहाला पुरेसा लवून मुजरा केला नाही म्हणून सयाजीरावांवर काहूर उठलं होतं. सरकारची मर्जी खप्पा आणि त्यात शिंद्यांसारखं घर दुखावलेलं. प्रजेसाठी कायदा करताना राजा किंमत मोजतो ती राजा म्हणून. इथे ती बाप म्हणून, भर बाजारात मोजायची होती.

अखेर 1913 साली लंडनमध्ये लग्न झालं. आईवडिलांनी वाट मोकळी केली, पण मांडवात ते नव्हते. काही दिवसांतच थोरले बंधू वारले आणि जितेंद्र महाराज झाले. 1922 मध्ये तेही गेले. पाच मुलं पदरात घेऊन इंदिराराजेंनी मुलगा वयात येईपर्यंत कूचबिहारचा कारभार पाहिला.

आणि मग त्यांची परीक्षा आली. मुलगी गायत्रीदेवी जयपूरच्या मानसिंहांच्या प्रेमात पडल्या. मानसिंहांच्या घरी दोन राण्या होत्या! आईने दुसरी राणी व्हायचं नाकारलं, मुलगी तिसरी व्हायला निघाली. इंदिराराजेंनी आक्षेप घेतला, थांबायला लावलं. 1940 मध्ये लग्न झालंच.

कुणी याला नियतीचा खेळ म्हणेल. मी म्हणत नाही. निवडीचा हक्क एकदा घरात आला की तो आपल्या पसंतीच्याच निवडीपुरता ठेवता येत नाही. सयाजीरावांना ते जड गेलं, इंदिराराजेंनाही गेलं. दोघांनीही शेवटी वाट अडवली नाही, याला मी सुधारणा म्हणतो.